जुनं करून मिळेल

पाटण तालुक्यात घराची प्रगती ठरलेल्या क्रमानं व्हायची. गवताचं छप्पर, नळीची कौलं, मंगलोरी कौलं, पत्रा आणि सगळ्यात शेवटी स्लॅब. स्लॅब पडला की माणूस मार्गाला लागला, असं गाव धरून चालायचं. मुंबईहून बोनसचे पैसे आले की जुनं घर उतरवायचं आणि उतरवलेल्या तुळया, खांब, वासे परड्यात नेऊन रचायचे. पुढं त्यांचं काय करायचं याचा विचार कुणी करत नसे, ते आपोआप होई. वासे पाणी तापवायच्या बंबात जात, खांब गोठ्याला लागत, एखादी तुळई ओढ्यावर साकव म्हणून आडवी पडे. उरलेल्या ढिगावर कोंबड्या बसत आणि ढिगाखाली विंचू राहत. दोघांचीही तक्रार नसे.

सडावाघापूरच्या पठारावर पावसाळ्यात धबधब्याचं पाणी दरीत पडायच्या ऐवजी वाऱ्यानं उलटं वर उडतं. ते बघायला हल्ली पुण्यामुंबईच्या गाड्यांची रांग लागते. तोच वारा आमच्या बांधकामांना लागला असावा. ज्यांनी बापाचं लाकडी घर पाडून स्लॅब टाकला, त्यांचीच मुलं आता स्लॅबखाली तुळया बसवायला निघाली आहेत. स्लॅबला तुळईची गरज नसते आणि तुळईलाही स्लॅबची नसते. होमस्टेला मात्र दोघांची असते. कारण पाहुण्याला गळकं छप्पर नको असतं आणि गळक्या छपराखालचा वाटेल असा फोटो हवा असतो.

आमचा पुतण्या हिंजवडीला संगणकावर कसलं तरी काम करतो. ते नेमकं काय हे त्याच्या बापालाही सांगता येत नाही, पण त्यातून मोरगिरीच्या वाटेला होमस्टे उभा राहिला आहे, त्याअर्थी काम असणार. दिवाळीला आला तेव्हा त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला. त्यात कुठल्या तरी परदेशी घराचं छत होतं. जाडजूड, भेगाळलेल्या, करड्या तुळया, आणि त्यांच्याखाली पांढराशुभ्र सोफा.

"काका, परड्यातल्या आपल्या तुळया कुणाला देऊ नका. आपण त्या रस्टिक करणार आहोत."

"अरे, तुझ्या पणज्याच्या वेळच्या आहेत त्या. अजून किती करायच्या?"

"जुन्या आहेत हो. पण जुन्या दिसत नाहीत ना!"

हे मात्र खरं होतं. आमच्या तुळया चकचकीत चॉकलेटी होत्या. त्यांचं वय दिसू नये म्हणून आमच्या घराण्यानं पिढ्यान् पिढ्या खर्च केला होता. लग्न ठरलं की भिंतींना चुना आणि लाकडाला ऑइलपेंट, हे आधी. पत्रिका नंतर. मुलीकडचे बैठकीला आले की चहा येईपर्यंत वर बघत, आणि वर बघितल्यावर त्यांना चमकदार काही दिसलं पाहिजे, असा दंडक होता. घर किती खणांचं तेही ते त्याच वेळी मोजून घेत. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण, तेव्हा तोंडानं 'पाऊसपाणी कसं आहे' म्हणत नजरेनं तुळया मोजता येतात. आमच्याकडची सगळी जुनी माणसं अशी बोलता बोलता छताकडे बघतात. परक्याला वाटतं, देवाचं नाव घेतायत.

तर अशा तुळया सुतारमामांच्या अंगणात गेल्या. मामांनी आता हत्यार खाली ठेवलं आहे. धंदा त्यांचा मुलगा बघतो. तो मॉड्युलर किचन करतो, लॅमिनेट लावतो, आणि अलीकडे त्यानं टेम्पोच्या मागं एक ओळ रंगवून घेतली आहे: जुनं करून मिळेल. तालुक्यात मोडून मिळेल, जोडून मिळेल, भरून मिळेल इतपत पाट्या होत्या. ही पाटी वाचून स्टँडवरच्या एका म्हाताऱ्यानं 'आमच्याकडं ते फुकट झालं' एवढंच म्हटल्याचं सांगतात.

मुलाचं मुख्य हत्यार म्हणजे ग्लँडर. छापील नाव अँगल ग्राइंडर, पण पाटणपासून कराडपर्यंत त्याला ग्लँडरच म्हणतात. चार इंची ग्लँडर मिनिटाला साधारण अकरा हजार फेरे घेतो. त्याला पुढं तारेच्या ब्रशची वाटी बसवायची आणि लाकडाच्या रेषेवरून लांबीनं फिरवायची. लाकडाच्या प्रत्येक वर्षाच्या कड्यात एक भाग मऊ असतो आणि एक टणक. तारा मऊ भाग खरवडून काढतात, टणक भाग उंचवटा होऊन राहतो. शंभर वर्षं ऊन-पाऊस खाऊन लाकडावर ज्या सऱ्या पडतात, त्या अशा रीतीनं जेवणाच्या सुट्टीआधी पडतात. आडवा ब्रश फिरवला तर नुसते ओरखडे उठतात आणि तुळई जुनी दिसायच्या ऐवजी मांजरानं बोचकारलेली दिसते.

ही सगळी किमया परदेशी चित्रातल्या पाइनला किंवा ओकला नीट लागू पडते, कारण त्यांची कडी ठसठशीत असतात. सागालाही पडते. पण आमच्या तुळया कसल्या? एक सागाची, बाकी जांभूळ, ऐन, किंजळ. साग हा सामान्य माणसानं सहज तोडायचा वृक्ष कधीच नव्हता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी साग लागला तरी तो हुजुराची परवानगी घेऊन तोडावा, आणि आंबा-फणसाला तर हातच लावू नये, असं बजावलेलं आहे. इंग्रजांनी साग, शिसव आणि चंदन सरकारजमा धरले. आजही आपल्याच बांधावरचा साग तोडायचा तर वनखात्याचा परवाना लागतो आणि टेम्पोत घालून न्यायचा तर दुसरा. राज्यं तीन झाली, अर्ज तोच. म्हणून डोंगरातल्या माणसानं घराला जांभूळ लावलं. जांभळाला पाण्याचं भय नाही, पण त्याची कडी अशी एकमेकांत मिसळलेली असतात की ग्लँडरला मऊ कुठं आणि टणक कुठं ते सापडत नाही. मुलानं तासभर वाटी फिरवली. वाटीची दाढी झडली. जांभूळ होतं तसंच राहिलं.

आणि अजून तर रंगच उतरत होता. ऑइलपेंटवर तारेचा ब्रश लावला की रंग तापून चिकट होतो, तारांत भरतो, आणि अंगणभर असा वास सुटतो की शेजारी लग्न कुणाचं म्हणून विचारायला येतात. पूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये शिसंही भरपूर असायचं. रंगातल्या शिशाला दहा लाखांत नव्वद भागांची मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या लग्नांची धूळ नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला चांगला मास्क लावावा लागतो. मुलानं लावला होता. मामांनी लावला नाही. "ह्याच रंगाच्या खाली जेवलोय आमी," म्हणाले.

आई तिथंच खुर्ची टाकून बसली होती. तिला यंत्रात रस नव्हता. थरांत होता. चॉकलेटीखाली पिस्ता निघाला.

"हे तुझ्या लग्नाचं," आई मला म्हणाली. "डबा कमी पडला म्हणून मागल्या बाजूला मारलाच न्हवता."

मागली बाजू फिरवली. तिथं खरोखर नव्हता. पिस्त्याखाली आकाशी आला, तो थोरल्या आत्याच्या लग्नाचा. आकाशीखाली पुन्हा चॉकलेटी. आईला काही केल्या ते लग्न आठवेना. मग आठवलं. ते मोडलं होतं, पण रंग आणून कालवला होता, तो वाया कशाला घालवायचा म्हणून मारला. हे आमच्या कुटुंबात आजवर कुणी तोंडातून काढलं नव्हतं. ब्रशची एक वाटी फिरली आणि ते अंगणात आलं. कुणाचं मोडलं होतं ते विचारायला पुतण्या पुढं सरकला तेव्हा आईनं ग्लँडर चालू करायला सांगितलं.

शेवटच्या थराखाली काजळी लागली. स्वयंपाकघरातल्या तुळईला चुलीचा धूर वर्षानुवर्षं बसतो आणि तो असा काळा, घट्ट, चमकदार होतो की वाळवी आणि भुंगा लांबूनच रामराम करतात. घरातली सगळ्यात धडधाकट तुळई नेहमी चुलीवरची असते. तिला टिकवायला कुणी खर्च केलेला नसतो. पुतण्या ते बघून खूष झाला आणि त्यानं त्यावर पाच मिनिटं हात फिरवला. मग पांढऱ्या शर्टाला हात पुसला.

काजळीखाली लाकूड. आणि लाकडावर, ओळीनं, लहान लहान उथळ खपल्या. वाकसाच्या खुणा. वाकस म्हणजे दांड्याला आडवं पातं असलेलं हत्यार. सुतार ओंडक्यावर उभा राहून, पाय फाकून, आपल्याच बोटांच्या दिशेनं ते हाणतो, आणि बोटं शाबूत ठेवून लाकूड चौकोनी करतो. पूर्ण कोयना खोऱ्यात तुळई अशीच तयार व्हायची. वाकसानं तासायची, गुण्या लावून कोन बघायचा, पटाशीनं आणि किंकऱ्यानं भोक पाडायचं, सामत्यानं आरपार भोक घ्यायचं आणि वरून लाकडी पाचर ठोकायची. खिळा लोहाराकडचा, म्हणजे महाग. शिवाय लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आटतं. पाचर त्याच्याबरोबर फुगते-आटते, खिळ्याला ते जमत नाही.

मामा उठून जवळ आले आणि त्यांनी त्या खपल्यांवरून अंगठा फिरवला.

"गुरुजी, हे आमच्या आज्याचं काम. आज्यानं ही तुळई तासली, आन् तुमच्या आज्यानं असाच अंगठा फिरवून बघितला. टवका घावला आसता तर त्या साली बलुतं घटलं आसतं. गुळगुळीत पायजे म्हणून माणसं भांडली वो! ह्या खुणा ऱ्हायल्या ही आज्याची चूक हाय. तवा अंधार पडला आसंल."

मुलानं तेवढ्यात त्या खुणांवर ग्लँडर धरला होता. पुतण्या ओरडला. खुणा तर रस्टिक होत्या! त्या ठेवायच्या, आणि उरलेल्या तुळयांवर तशाच पाडायच्या. मामांना वाटलं, वाकस काढावं लागणार. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर एक क्षण काहीतरी आलं. पण मुलानं इलेक्ट्रिक रंधा आणला, तो तिरका धरून जागोजागी टेकवला, आणि आज्यानं अंधार पडल्यामुळं केलेली चूक भर दुपारी चाळीस ठिकाणी करून दिली. मामांच्या आज्यानं सगळी तुळई तासून धान्य घेतलं होतं. नातवाच्या मुलानं फक्त चुकांचे फुटावर पैसे घेतले.

इथून पुढं कामाला वेग आला आणि अर्थ मागं पडला. पुण्याच्या आर्किटेक्ट मॅडमनी फोनवर यादीच दिली होती. किड्यांची भोकं हवीत. साखळीचे घाव हवेत. करडा रंग हवा.

किड्यांच्या भोकांची गंमत अशी झाली की पाच तुळयांपैकी एकीला खरोखर भुंगा होता. बारीक भोकं, खाली पिठाचा सडा. त्या तुळईला पुतण्यानं घाबरून औषधाची पिचकारी मारून घेतली आणि भोकं पुट्टीनं बुजवून घेतली. शेजारच्या निरोगी तुळईला ड्रिलनं भोकं पाडून घेतली. दोन्हीची मजुरी वेगळी. भुंग्यानं जे फुकट केलं होतं ते पैसे देऊन मिटवलं आणि जे केलं नव्हतं ते पैसे देऊन करवलं. मुलगा शिस्तीचा आहे, त्यानं भोकं टेपनं मापून एका रांगेत पाडली. मामा लांबून बघत होते.

"आरं, भुंगा काय पंगतीला बसतुय का?" त्यांनी विचारलं. मग त्यांनी स्वतःच खडूनं खुणा करून दिल्या: बाहेरच्या पांढऱ्या लाकडात दाट, गाभ्यात जवळजवळ नाहीत. भुंगा पांढरं लाकूड खातो, पक्का गाभा त्याला चाववत नाही. खोटं काम असलं तरी ते चुकीचं झालेलं मामांना चालत नाही. माझ्या मते ह्या सगळ्या प्रकरणात कारागिरी म्हणावी असा तेवढाच एक प्रसंग घडला.

साखळीचे घाव घालायला म्हशीची साखळी आणली. मुलगा तुळईला साखळीनं झोडपू लागला तेव्हा रस्त्यावरून जाणारी बाई थबकली. थोडा वेळ बघून तिनं आईला हळूच विचारलं, "बाहेरचं काय हाय व्हय?" आईनं मान डोलावली. एका परीनं ते बाहेरचंच होतं. गोऱ्या मुलखात हे वेड आमच्याआधी जुनं झालं आहे. इंग्लंडमधल्या ट्युडर काळच्या घरांच्या काळ्याभोर तुळया आपण चित्रात बघतो, त्यातल्या बहुतेक मुळात काळ्या नव्हत्याच. ओकचं लाकूड आपल्या रंगात सोडून दिलेलं असे. ते काळं रंगवायची हौस पुष्कळशी व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, तेव्हाच्या लोकांना जुनं म्हणजे काळं असं वाटायचं म्हणून. आता तर तिकडं फोमच्या तुळया मिळतात. आतून पोकळ, वजनाला एका हातात उचलाव्यात अशा, आणि त्यांच्यावर भेगा, गाठी, किड्यांची भोकं सगळं साच्यातून आलेलं. किड्यालाही फसवतील. जपानी माणूस त्या मानानं सरळ. तो लाकडाची फळी चक्क वरून जाळतो, कोळसा झाला की घासून तेल लावतो आणि भिंतीला बसवतो. तिला पाऊस आणि कीड लवकर लागत नाही. म्हणजे आमच्या चुलीवरच्या तुळईचं तो मुद्दाम करतो. फरक इतकाच की तो त्याचे भरपूर पैसे घेतो आणि आमच्या बायकांनी त्याबद्दल डोळे चोळले.

करड्या रंगाची कृती आर्किटेक्ट मॅडमनी परदेशी सांगितली होती. व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस आठवडाभर भिजवायचा, ते पाणी लाकडाला फासायचं, लाकडातल्या तुरट द्रव्याशी लोखंड मिळतं आणि लाकूड करडं-काळं पडतं. लाकडात तुरटपणा कमी असेल तर आधी कडक चहा मारायचा. व्हिनेगरसाठी पुतण्यानं पाटणच्या बाजारात सहा दुकानं पालथी घातली. तोवर मामांनी हिरडा उकळायला ठेवला होता. कोयनेच्या रानात हिरडा मुबलक आणि त्याच्याइतका तुरट जिन्नस दुसरा नाही. हिरड्याच्या पाण्यात गंजके खिळे टाकले की काळी शाई होते, पोथ्या लिहिणाऱ्यांनी ती वापरली, कापड रंगवणाऱ्यांनी वापरली. पुतण्याला ते पटलं, पण मॅडमना सांगताना त्यानं 'ऑरगॅनिक सोल्यूशन' म्हटलं आणि मग मॅडमनाही पटलं.

खरं तर एवढीही यातायात नको होती. ऊन लाकडातला चिवट भाग खातं, पाऊस तो धुऊन नेतो, लाकूड चंदेरी करडं होतं. नवजाला मोसमात पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथं एखाद्याच्या अंगणात तुळया जूनमध्ये नेऊन टाकल्या असत्या तर ऑक्टोबरात अशा आल्या असत्या की मॅडमनी त्या ओळखल्या नसत्या. मी हे सुचवलं. पुतण्या म्हणाला, "काका, बुकिंग मेपासून चालू आहे."

लाकूड कमी पडलं म्हणून एक व्यापारीही येऊन गेला. त्याच्या टेम्पोत लांबलचक साग होता. 'गिरणीचा बर्मा' म्हणून सांगत होता. मुंबईतल्या पाडलेल्या इमारतींमधून असा ब्रह्मदेशी साग बाजारात येतो, हे काही गुपित नाही. आता आमचा तालुका म्हणजे मुंबईला माणसं पुरवणारा तालुका. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी माथाडीत. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील इथलेच. १९८२ चा संप झाला, गिरण्या थांबल्या, माणसं परत आली किंवा आलीच नाहीत. माझ्या मावसभावानं गिरणीत साच्यावर उभं राहून वर्षं काढली. त्याला मी टेम्पोपाशी नेलं. त्यानं लाकडाकडे, मग व्यापाऱ्याकडे बघितलं. "हे वर होतं तवा मला पगार मिळत होता," म्हणाला, "आता खाली आलं तर तू पैसे मागतुयास." व्यापाऱ्यानं तरीही एक रुपया कमी केला नाही.

मधल्या तुळईला एक खोलगट खड्डा होता. तळहात बसेल एवढा, कडेला चिरलेला. पुतण्यानं तो बघितला आणि तो अक्षरशः हरखला. "हा बघा! असं पाहिजे! मामा, ह्याच्यासारखे तीन-चार त्या बाजूच्या तुळईलापण पाडा."

मुलगा हातोडा शोधायला गेला. आई म्हणाली, "त्याला हातुडा पुरायचा न्हाय."

तो खड्डा ११ डिसेंबर १९६७ चा. पहाटे सव्वाचारच्या सुमाराला कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी पहिलीत होतो. आमचं घर हेळवाकच्या बाजूला, दगड-मातीच्या जाड भिंतींचं. भिंती ढासळल्या, खांब आणि तुळयांचा सांगाडा थोडा पूर्वेला कलून उभा राहिला, आणि आम्ही त्याच्याखाली होतो. वरच्या अंगाची भिंत आत आली, तिचा एक दगड ह्या तुळईवर आदळला आणि तिथंच अडकला. खाली माझं अंथरूण होतं. त्या पहाटे खोऱ्यात पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. त्याआधी शास्त्रज्ञांच्या नकाशात हा प्रदेश स्थिर मानलेला होता. नकाशा नंतर बदलावा लागला. लोकांनी पुढचे कित्येक महिने खोपटात काढले, दगडी भिंतीची धास्ती घेतली आणि पत्र्याला जवळ केलं. पडक्या घरातून लाकूड तेवढं उचललं गेलं आणि त्याच तुळया पुन्हा उभ्या केल्या. लग्नाच्या रंगात तो खड्डा दर खेपेला जाड रंगानं भरला जाई. पाहुण्यांना दिसू नये म्हणून.

पुतण्यानं हे ऐकून घेतलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजी, हे आपण एका पाटीवर लिहून लावू. गेस्टना स्टोरी आवडते."

"लाव," आई म्हणाली. "पर पाटी त्या तुळईखाली लाव. पाव्हण्याला खाट बी तिथंच टाक."

पाटी लागली आहे. खाट जरा सरकवून टाकली आहे.

शेवटी राहिला गोठ्यातला खांब. उतरवलेल्या घराच्या ओटीवरचा, पुढं गोठ्याची मेढ झालेला. आमच्याकडच्या म्हशींच्या किती पिढ्यांनी त्याला मान घासली कोण जाणे. कमरेएवढ्या उंचीपासून छातीपर्यंत तो आत गेलेला, तेलकट, झिलईदार आणि इतका गुळगुळीत की त्यावर उजेड पडला तर परत येतो. कोणत्याही यंत्रानं असा हात बसत नाही. उंबऱ्याचंही तसंच होतं, जात्याच्या खुंट्याचंही तसंच. वापरात राहिलेलं लाकूड म्हातारं होताना मऊ होत जातं. खरबरीत होतं ते टाकून दिलेलं. पुतण्याच्या मोबाइलमधल्या सगळ्या तुळया टाकून दिलेल्या होत्या, हे मला त्या खांबापाशी उभं राहून कळलं. मी ते कुणाला बोललो नाही, कारण मुलगा ग्लँडर घेऊन आधीच आत आला होता.

त्यानं खांबावर हात फिरवला आणि नापसंतीनं मान हलवली. "गुरुजी, हे लय गुळगुळीत हाय. पार नव्यावाणी दिसतंय. खरबरीत करावं लागंल."

मामा त्याच्याकडे असे बघत राहिले, जणू त्यांचं सगळं बलुतं फुकट गेलं होतं.

खांब वाचला तो आईमुळं. "म्हस कशाला घासंल मग?" तिनं विचारलं, आणि ह्याला संगणकातही उत्तर नव्हतं. बदल्यात दुसरा खांब द्या, मग हा न्या, अशी तिची अट. दुसरा खांब होता. मुलानं नमुना म्हणून सगळ्यात आधी तयार केलेला, ग्लँडर, साखळी, ड्रिल, हिरडा सगळे संस्कार झालेला. त्याचा फोटो बघून मॅडमनी 'टू मच' असं कळवलं होतं. तो गोठ्यात रोवून बघितला.

म्हशीनं आधी वास घेतला. मग मान टेकवली, एकदा वर, एकदा खाली. मग डोळे मिटले आणि अशी घासत सुटली की धार काढायला बसलेली आमची थोरली वहिनी बादली घेऊन उठली. म्हशीच्या जन्मात ते पहिल्यांदा नीट खाजवलं गेलं असावं. सगळ्या तालुक्यात रस्टिक फिनिशचं मनापासून कौतुक केलेलं ते पहिलं गिऱ्हाईक.

आता तिला गुळगुळीत खांबाची आठवणही येत नाही. तो होमस्टेच्या बैठकीत गेला, पुतण्यानं न घासता उभा केला, आणि पाहुणे त्याला टेकून फोटो काढतात. मामा परवा गोठ्यात येऊन नव्या खांबावर अंगठा फिरवून गेले. एका बाजूनं टोचायचं कमी झालं आहे म्हणाले. म्हस चांगली खाणारी आहे, दुसऱ्या-तिसऱ्या वेताला ती तो साफ गुळगुळीत करून सोडील. तेव्हा पोराला बोलवा, पुन्हा ग्लँडर मारून देईल. घरचं गिऱ्हाईक म्हणून दरात थोडं कमी-जास्त होईल, पण म्हशीला सांगून ठेवा, भोकांचे पैसे वेगळे.